गरिबाची ठेव व तीन किल्ल्या

गरीब मनुष्याने पोटास चिमटा घेऊन जो पैसा बाजूस काढिला, तो सांभाळण्याचे काम ज्याने अंगावर घेतले, त्यास त्या गरिबाच्या घरातील गोष्टी विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो काय? हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ दिसतो. परंतु ज्या गावात पाळक, उपदेशक किंवा शाळामास्तर ह्यांच्यापाशी लोक विश्वासाने चार रुपये ठेवावयास देतात, ज्या गावात बायकांचा बचत गट चालतो किंवा भिशीचे पैसे एकीच्या घरी जमतात, तेथे हा प्रश्न दर महिन्यास उभा राहतो. मग तो कोणी तोंडाने बोलून दाखवो वा न दाखवो. नुसत्या तत्त्वावर वाद घालण्यापेक्षा एका खऱ्या खेड्याचा वृत्तांत समोर ठेवून ह्या प्रश्नाचा विचार करणे बरे, असे आम्हांस वाटते. ते खेडे आपल्या देशातील नव्हे. तथापि तेथील गरिबी आपल्या ओळखीची आहे.

स्कॉटलंडच्या दक्षिण भागात, सॉलवे नावाच्या खाडीच्या जवळ, डम्फ्रीस परगण्यात रुथवेल हे लहान खेडे आहे. इ. स. १७९९ मध्ये तेथील मंडळीचे पाळक म्हणून हेन्री डंकन हे तरुण गृहस्थ आले. त्यांचा जन्म १७७४ चा. वडीलही पाळकच होते. परंतु ह्या मुलाने सेवेस लागण्यापूर्वी सुमारे तीन वर्षे लिव्हरपूल शहरातील एका पेढीत कारकुनी केली होती. पुढे त्यांच्या हातून जे काम घडले त्याचे बीज ह्या तीन वर्षांत आहे. देवज्ञान शिकलेले पाळक पुष्कळ असतात. जमाखर्चाची वही वाचता येणारे थोडे.

रुथवेलचे लोक बहुतेक शेतमजूर व लहान कुळे, म्हणजे ज्यांचे हातावर पोट आहे असे होते. त्या वर्षांत धान्य महाग होते. डंकनसाहेबांचे भाऊ लिव्हरपूल येथे व्यापार करीत. त्यांच्याकडून धान्य मागवून ते गावकऱ्यांस पडत्या भावाने दिले. बायकांस सूत कातण्याकरिता जवस-ताग मिळवून दिला. आजारपणात व मरणप्रसंगी सभासदांस मदत करणारी एक मंडळी गावात पूर्वीपासून होती, ती मोडकळीस आली होती. तिला त्यांनी पुन्हा उभे केले. ह्या मंडळीची एक साधी खोली गावात होती. बँक पुढे ह्याच खोलीत बसली.

आता बँकच का, असे कोणी विचारील. त्या काळी स्कॉटलंडात पेढ्या नव्हत्या असे नाही. चांगल्या भरभक्कम पेढ्या होत्या. परंतु त्या दहा पौंडांहून कमी रक्कम ठेवीस घेत नसत. एक पौंड म्हणजे वीस शिलिंग, म्हणजे दहा पौंडांचे दोनशे शिलिंग झाले. ज्याची आठवड्याची मिळकत मोजक्या शिलिंगांची, त्याने दोनशे शिलिंग एकाच वेळी कोठून आणावे? म्हणजे ज्यास पेढीची गरज सर्वांत अधिक, त्यासच पेढीचे दार बंद. मग उरलेला शिलिंग कोठे जाई? कधी मोज्यात, कधी भिंतीच्या फटीत, कधी शेजाऱ्याच्या उसनवारीत आणि पुष्कळदा दारूच्या दुकानात. आपल्याकडील गृहिणी उतरंडीच्या तळच्या गाडग्यात किंवा पिठाच्या डब्यात पैसे दडवितात, त्यातला प्रकार. गाडग्यातल्या पैशाचा दोष एवढाच की, त्याला हाक मारणारे पुष्कळ असतात. सण येतो, पाहुणा येतो, नवरा येतो.

इ. स. १८१० च्या मे महिन्यात डंकनसाहेबांनी रुथवेलची बचत बँक उघडली. तीत एका शिलिंगापासून ठेव घेत. जमलेले पैसे डम्फ्रीस शहरातील ब्रिटिश लिनन कंपनीच्या पेढीत एकत्र नेऊन ठेवीत. ती कंपनी शेकडा पाच व्याज देई. ठेवीदारास साधारणतः शेकडा चार मिळे, व जे मधले उरे त्यातून वही, दौत, टाक ह्यांचा खर्च भागून नियमित ठेव ठेवणारांस उत्तेजन म्हणून काही देता येई. येथे कोणतीही जादू नाही. पाचपन्नास मजुरांचे शिलिंग एकत्र झाले की त्यांचे दहा पौंड होतात, आणि जे दार एकेकट्यास बंद होते ते सर्वांस मिळून उघडते, एवढीच युक्ती. पहिल्या वर्षाअखेर ठेवी १५१ पौंड झाल्या, दुसऱ्या वर्षी १७६, तिसऱ्या वर्षी २४१, आणि १८१४ साली ९२२. पहिली तीन वर्षे लोक दुरून पाहत होते, हे ह्या आकड्यांवरून दिसते. खेड्यातील लोकांचा विश्वास असाच येतो. आधी एक मनुष्य पैसे ठेवून पाहतो, मग मागावयास गेल्यावर ते परत मिळतात की नाही हे सारे गाव पाहते.

गरिबांची ठेव घेणाऱ्या संस्था ह्यापूर्वी निघाल्याच नव्हत्या असे नाही. इंग्लंडातील वेंडोव्हर गावी जोसेफ स्मिथ नावाच्या पाळकांनी १७९९ साली असाच उपक्रम केला होता. तेथे गरिबांनी उन्हाळ्यात जे ठेवावे त्यावर नाताळच्या सुमारास त्याच्या एक तृतीयांश एवढी भर श्रीमंत लोक आपल्या पदरची घालीत. ही उदारता खरीच. परंतु श्रीमंताचा हात आखडला की असल्या पेढीचा जीव गेला. शिवाय असली भर पडली म्हणजे ठेवीदार हा ठेवीदार राहत नाही, थोडासा भिक्षेकरी होतो. रुथवेलच्या बँकेत कोणाचीही भर नव्हती. मजुराच्या पैशास बाजारात जे व्याज मिळे, त्यातलेच त्यास मिळे. त्यामुळे तो ते मान वर करून घेऊ शके. डंकनसाहेबांस पहिल्या बचत बँकेचे जनक म्हणावे की नाही ह्याविषयी त्यांच्या हयातीतच वाद झाला. आम्हांस त्या वादात रस नाही. परंतु दानावर न चालता आपल्या पायांवर उभी राहणारी गावची बँक म्हणून रुथवेलचे नाव घ्यावेच लागते.

येथे कित्येक भाविक वाचकांच्या मनात एक शंका उभी राहील. उद्याची चिंता करू नये असे आपण शिकलो. मग पेटीत पैसा साठविणे हा अविश्वास नव्हे काय? कोठारे मोठी बांधू म्हणणाऱ्या मूर्ख धनवानाचा दृष्टांत आपणांस ठाऊक आहे. अरण्यात मान्ना दुसऱ्या दिवसाकरिता ठेवला तेव्हा त्यात किडे पडले, हेही ठाऊक आहे. परंतु त्याच शास्त्रात योसेफाने सात वर्षे मिसर देशाचे धान्य साठविले तेही आहे, आणि ज्या चाकराने धन्याचा पैसा जमिनीत पुरला त्यास तो निदान सावकाराकडे ठेवावयाचा होतास असे धन्याने सुनावले, तेही आहे. ह्यात विरोध आहे असे आम्हांस वाटत नाही. धनवानाने जे साठविले ते केवळ आपल्या सुखाकरिता. योसेफाने जे साठविले ते दुष्काळात दुसऱ्यांच्या मुखी पडावे म्हणून. मजुराच्या बाईने दर आठवड्यास बाजूला ठेविलेला शिलिंग हा बाळंतपणाचा, तापाचा, मुलाच्या पुस्तकाचा शिलिंग असतो. तिला कोणी मूर्ख धनवानाच्या रांगेत बसवू नये. जो पाळक तिला उद्याची चिंता करू नको म्हणून सांगतो, त्याचा पगार बहुधा महिन्याच्या ठरल्या तारखेस येत असतो, एवढेही त्याने ध्यानात ठेवावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. रुथवेलच्या बँकेच्या नियमांत एक नियम असा होता की, नवीन ठेवीदाराविषयी आधी चौकशी करावी. त्याचे वय काय, घरची स्थिती कशी आहे, आणि त्याचे आचरण कसे आहे, हे पाहिले जाई, व त्या चौकशीचा परिणाम त्याच्या व्याजावर होऊ शके. ज्याचे खाते तीन वर्षांचे झाले आणि ज्याची शिल्लक पाच पौंडांवर गेली, त्यास शेकडा पाच मिळण्याची सोय होती. परंतु तेही केव्हा, तर लग्नाकरिता, उतारवयात, किंवा मरणानंतर वारसांस पैसे काढावयाचे असल्यास, अथवा हा पैसा हाती आल्याने ठेवीदाराचे हित होईल असे पंचांच्या नजरेस आल्यास. उलट जो वर्षात चार शिलिंगही ठेवणार नाही त्यास एक शिलिंग दंड. नियम वाचताना असे वाटते की, आपण बँकेत नसून एखाद्या कडक पण मायाळू आजोबांच्या ओटीवर बसलो आहोत.

हा नियम दुष्टपणाने केलेला नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. त्या काळच्या स्कॉटलंडात गरिबांचा सांभाळ करण्याचे काम बहुतेक मंडळीकडेच असे. रविवारच्या वर्गणीतून पाळक व मंडळीचे वडील गावातील विधवा, पांगळे व अनाथ ह्यांस मदत देत. इंग्लंडात ह्या कामाकरिता कर बसविलेला होता. तो कर आपल्या देशात आला तर लोक परावलंबी होतील अशी डंकनसाहेबांस मोठी धास्ती होती, व बचत बँकेमागे हाही एक हेतू होता. दान देणाऱ्यास चौकशी करावी लागतेच. कोण खरा गरजू, कोण आळशी, कोणाचा पैसा दारूत जातो, हे पाहिल्यावाचून मंडळीची वर्गणी वाटता येत नाही. म्हणून जे हात काल दान वाटीत होते तेच हात आज ठेव घेऊ लागले, तेव्हा दान वाटतानाची सवय त्यांच्याबरोबर आली. आम्हांस वाटते, सगळा घोटाळा येथे आहे. दान घेणारा व ठेव ठेवणारा हे दोघेही एकाच झोपडीत राहत असतील, एकच माणूस असतील. परंतु पाळकाच्या मेजापुढे ते एकाच नात्याने उभे राहत नाहीत.

नीट विचार करा. कर्ज देणारा कर्ज घेणाऱ्याची चौकशी करतो, हे न्यायाचे आहे. कारण पैसा देणाऱ्याचा आहे व बुडाल्यास तो त्याचाच बुडणार. ठेवीत हे नाते उलटे होते. येथे पैसा देणारा कोण? मजूर. घेणारा कोण? बँक. म्हणजे ठेव ठेवणारा मजूर हाच त्या क्षणी सावकार आहे, आणि पाळकसाहेब, वडीलमंडळी व खजिनदार हे त्याचे ऋणको आहेत. तर मग कोणी कोणाच्या आचरणाची चौकशी करावी? शिलिंग देणाऱ्याने विचारावयास हवे होते की, महाराज, माझा पैसा कोठे ठेवता, वही कोण लिहितो, ती तपासतो कोण, तुम्ही उद्या मेल्यास मी कोणाकडे जावे? रुथवेलच्या नियमाने प्रश्न विचारण्याचा अधिकार चुकीच्या बाजूस दिला.

ह्यावर कोणी म्हणेल की, जर्मनीत व पुढे आपल्या देशात ज्या सहकारी पतपेढ्या निघाल्या त्यांत सभासदाच्या वर्तनाची चौकशी हाच तर पाया होता. खरे आहे. राइफायझन ह्या नगराधिकाऱ्याने १८६४ साली हेडेसडोर्फ येथे जी पतपेढी काढिली तीत सर्व सभासदांची जबाबदारी अमर्याद असे. एकाने कर्ज बुडविले तर शेजाऱ्यांच्या शेतांवर जप्ती येऊ शके. सर फ्रेडरिक निकल्सन ह्यांनी मद्रास सरकारच्या वतीने ह्या पद्धतीचा अभ्यास करून १८९५ व १८९७ साली अहवाल दिले, आणि १९०४ साली हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तोही त्याच नमुन्याकडे पाहून. परंतु तेथे शेजारी शेजाऱ्यास कर्ज देतो आणि त्याच्याकरिता आपले शेत गहाण टाकतो. तेव्हा शेजारी दारू पितो की नाही हे विचारण्याचा त्यास पुरा हक्क आहे. ज्याचे नुकसान होणार त्याने विचारावे, हाच नियम दोन्ही ठिकाणी लावून पाहिला, तर पतपेढीत चौकशी योग्य ठरते व ठेवीच्या बँकेत अयोग्य. नियम बदललेला नाही. पैसा कोणत्या दिशेने वाहतो ते बदलले आहे.

चौकशी उलट्या बाजूने न झाल्यास काय होते ह्याचे एक उदाहरण इंग्लंडातच घडले. लँकेशायरमधील रॉचडेल हे विणकरांचे गाव. तेथील बचत बँकेचा सारा कारभार एका प्रतिष्ठित मनुष्याच्या हाती होता. पंच होते, परंतु नावाचे. १८४९ साली तो मनुष्य मरण पावल्यावर वह्या उघडल्या, तेव्हा सत्तर हजार पौंडांहून अधिक रकमेची तूट निघाली. ज्यांनी शिलिंग शिलिंग जमविला होता त्या विणकरांवर आकाश कोसळले. त्यांच्या आचरणाविषयी कोणासच शंका नव्हती! त्याच गावात १८४४ साली अठ्ठावीस सभासदांनी मिळून एक सहकारी दुकान काढिले होते. बँक बुडाल्यावर पुष्कळ लोक आपला उरलासुरला पैसा घेऊन त्या दुकानाकडे वळले. तेथे हिशोब सभेपुढे वाचून दाखवीत आणि कोणासही उठून प्रश्न विचारता येई.

न्यायाच्या दृष्टीने रुथवेलच्या पाळकांस एक श्रेय मात्र दिलेच पाहिजे. त्यांनी ठेवीदारांवर पहारा ठेविला, पण आपल्यावरही ठेविला. रुथवेल येथे एक लाकडी पेटी जपून ठेविलेली होती. तिला तीन कुलुपे, व तीन किल्ल्या तीन निरनिराळ्या माणसांपाशी. तिघे एकत्र आल्यावाचून पेटी उघडत नसे. ठेवीदारांची वार्षिक सभा भरे आणि कारभारी त्या सभेत निवडले जात. एवढ्या मोठ्या मानाच्या पाळकास कोणी म्हणू शकले असते की, साहेब, आपल्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे, एकच किल्ली पुरे. आपल्या खेड्यांत असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. हा आदर नव्हे. ज्याच्यावर प्रेम आहे त्यास एकट्याने किल्ली वागविण्याच्या मोहात व संशयात लोटू नये. दुसरी किल्ली ही पहिल्या किल्लीवाल्याचे नाव राखते. पेटीत दोन शिलिंग कमी आढळले तर त्याच्याकडे एकट्याकडे बोट दाखविता येत नाही.

नियमांतला चौकशीचा भाग पुढे फार दिवस टिकला नाही, म्हणजे दुसऱ्या बँकांनी तो उचलला नाही. १८१४ साली एडिंबरो शहरात बचत बँक निघाली. तिने नियम साधे ठेविले, दंड वगैरे काढून टाकिले, आणि बहुतेक ठिकाणी तोच साधा नमुना चालला. मजूर लोक आपली शिल्लक आपल्या मालकास कळू नये म्हणून फार जपत; मालकास कळले की याच्यापाशी पैसा उरतो, तर तो उद्या मजुरी कमी करील, ही भीती. गरिबाच्या गुप्ततेत लाज असते असे नाही. बहुधा शहाणपण असते. हे डंकनसाहेबांपेक्षा एडिंबरोच्या लोकांस अधिक कळले, असे आमचे मत आहे.

परंतु कामाचा प्रसार करण्यात डंकनसाहेबांची बरोबरी कोणी केली नाही. त्यांनी १८१५ साली गावच्या बँकांविषयी एक निबंध छापिला. गावोगावच्या पत्रांस उत्तरे लिहिली. १८१७ साली इंग्लंडाकरिता बचत बँकांचा कायदा झाला, तेव्हा स्कॉटलंडाकरिताही व्हावा म्हणून ते लंडनास जाऊन खटपट करते झाले, व १८१९ साली तो कायदा झाला. १८१८ च्या सुमारास ब्रिटन व आयर्लंड मिळून अशा बँकांची संख्या चारशेंवर गेली होती. ह्या सर्व उद्योगात त्यांनी आणखी एक काम केले, ते येथे सहज सांगतो. रुथवेलच्या देवळात फार प्राचीन काळचा एक कोरीव दगडी क्रूस होता. तो मूर्तिपूजेचे चिन्ह म्हणून १६४२ सालच्या हुकुमाने फोडून टाकिला होता. त्याचे तुकडे ह्या गृहस्थांनी शोधून काढून एकावर एक बसविले व क्रूस पुन्हा उभा केला. दगडाचे तुकडे असोत की गरिबांचे शिलिंग, विखुरलेले गोळा करण्याचा त्यांचा स्वभावच होता.

१८४३ साली स्कॉटलंडच्या मंडळीत मोठी फूट पडली. मंडळीवर पाळक नेमण्याचा हक्क जमीनदाराचा की मंडळीचा, हा त्या वादाचा गाभा होता. सुमारे साडेचारशे पाळक सरकारमान्य मंडळीतून बाहेर पडले व त्यांनी फ्री चर्च स्थापिले. त्यांत डंकनसाहेब होते. वय अडुसष्ट, चार वर्षांपूर्वीच सर्व स्कॉटलंडच्या मंडळीच्या महासभेचे अध्यक्षपद भूषविलेले. देऊळ, राहते घर, बाग, पगार, सर्व सोडावे लागले. आपल्या मुंबईतील डॉ. जॉन विल्सन हेही त्याच वर्षी त्याच बाजूस गेले. म्हणजे रुथवेलचे पाळक व मुंबईचे मिशनरी एकाच पावसात भिजले म्हणावयाचे. ज्याने चाळीस वर्षे लोकांस उद्याकरिता ठेवा म्हणून शिकविले, त्याने म्हातारपणी स्वतःची सर्व शाश्वती सोडिली. कोणास ह्यात विसंगती दिसेल. आम्हांस दिसत नाही. पैसा साठविण्याचा उपयोग हाच की, वेळ आल्यास धन्याचे तोंड न पाहता मनुष्यास नाही म्हणता यावे. आणि ज्या मजुरापाशी चार पौंड आहेत तो जुलमी मालकास जसे नाही म्हणू शकतो, तसेच हे पाळक जमीनदारांस म्हणाले. डंकनसाहेब १८४६ च्या फेब्रुवारीत वारले.

बँकांचे पुढे काय झाले, हेही सांगावयास हवे, कारण आमच्या प्रश्नाचा एक धागा तेथे जाऊन पोहोचतो. हिंदुस्थानात पोस्टाची बचत बँक १८८२ साली सुरू झाली आणि पुष्कळ खेड्यांतील पहिले पासबुक तिचेच. ब्रिटनमधील पंचांच्या बचत बँका हळूहळू एकमेकींत मिसळत गेल्या, आणि पुढे सरकारने ठरविले की त्या सर्वांची मिळून झालेली मोठी बँक भाग काढून विकावी. तेव्हा स्कॉटलंडातील काही ठेवीदारांनी कोर्टात फिर्याद केली की, ही बँक आमच्या पैशावर वाढली, पावणेदोनशे वर्षांत शिल्लक राहिलेला नफा आमच्या पूर्वजांच्या शिलिंगांचा आहे, तेव्हा ती आमची आहे. सर्वांत वरच्या न्यायासनाने निकाल दिला की, ठेवीदारास त्याचे मुद्दल व ठरलेले व्याज मिळावे, ह्यापलीकडे त्याचा हक्क नाही. भाग विकून एक अब्ज पौंडांहून अधिक रक्कम आली ती बँकेच्याच तिजोरीत गेली. १९९५ साली ती बँक एका मोठ्या व्यापारी बँकेत सामील झाली. कायद्याने निकाल बरोबर असेल. परंतु १८१० सालीच एखाद्या मजुराने वार्षिक सभेत उठून विचारिले असते की, चार टक्के आम्हांस व पाच टक्के तुम्हांस, तर मधला एक टक्का शेवटी कोणाचा, आणि ते वहीत लिहून घेतले असते, तर कदाचित न्यायाधीशांस इतके खोल शिरावे लागले नसते. तेव्हा कोणी विचारिले नाही, कारण विचारण्याचे काम बँकेने आपल्याकडे ठेविले होते.

आपल्या गावांकडे पाहू. १९९२ साली नाबार्डने बचत गटांस बँकांशी जोडण्याची योजना सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रातील खेडोपाडी बायकांचे गट झाले. मंडळीतही झाले. पुष्कळ ठिकाणी वही लिहिण्याकरिता उपदेशकास किंवा त्याच्या कुटुंबास बोलावितात, कारण अक्षर चांगले व माणूस भरवशाचा. ह्या सेवेत काही वाईट नाही. परंतु तो गटात बसला म्हणून कोणाच्या नवऱ्याने काय केले, कोणती बाई उपासनेस आली नाही, कोणाच्या मुलीचे लग्न कोठे ठरते आहे, हे त्याने पैशाच्या वहीशी जोडू नये. गटातून कर्ज मागणारीची चौकशी बायका आपापसांत करतील, व ती त्यांनी करावी, कारण बुडाल्यास पैसा त्यांचा. ठेव ठेवणारीस मात्र एकच प्रश्न विचारावा, तो म्हणजे तिच्या पासबुकात आकडा बरोबर उतरला की नाही. आणि तिला वाचता येत नसेल तर तो मोठ्याने वाचून दाखवावा, तिच्या मुलाकडून पुन्हा वाचवून घ्यावा.

पेटी असेल तर कुलुपे तीन असावीत, व त्यांतली एकही किल्ली पाळकाच्या घरी नसावी असे आम्ही सुचवितो. बँकेत खाते असेल तर सह्या दोघींच्या असाव्यात, आणि त्या दोघी एकाच घरातील सासूसुना नसाव्यात. वहीचे वाचन रविवारी उपासना सुटल्यावर करण्याची चाल कित्येक ठिकाणी पडली आहे. ती मोडून आठवड्यातील दुसरा एखादा दिवस, बाजारचा सोडून, धरावा. उपासनेनंतर सर्वांच्या अंगावर बरे कपडे असतात, पाळक समोर असतात, आणि त्या वेळी उठून हिशोबात तीन रुपये कमी का असे विचारणे कोणत्याही बाईस जड जाते. बुधवारी, धुणे वाळत घातल्यावर, ती विचारते.